बस कोणाची यापेक्षा तिकिटाचे पैसे कोणाकडे जातात ते विचारा

सिटी बस सरकारी असावी की प्रायव्हेट, हा विषय निघाला की दोन मिनिटांत दोन पार्ट्या पडतात. एक म्हणते सरकारी म्हणजे खटारा गाड्या, रजेवरचा स्टाफ आणि वर्षाला वाढणारा तोटा, त्यापेक्षा देऊन टाका कंपन्यांना. दुसरी म्हणते कंपनी नफ्यासाठी बसलीये, ती लांबच्या वस्तीत रिकामी गाडी कशाला पाठवेल. दोघांच्याही बोलण्यात तथ्य आहे, पण दोघंही गाडीच्या आरसी बुकावरचं नाव बघून भांडतायत. मला विचाराल तर ते नाव दुसऱ्या नंबरचं आहे. आधी बघायचं ते हे की तिकिटाचे पैसे कोणाकडे जमा होतात, रूट आणि टाइमटेबल कोण ठरवतं, आणि रात्री गाड्या जिथं उभ्या राहतात त्या डेपोची जमीन कोणाची आहे. ही तीन सूत्रं शहराच्या हातात असतील तर गाडी कंपनीनं चालवली तरी माझी हरकत नाही. ती हातातून गेली तर मात्र काय होतं हे जगातल्या बऱ्याच शहरांनी भोगून झालंय, आणि तरीही दरवेळी नव्यानं तेच करायची तयारी चाललेली असते म्हणून हे लिहावंसं वाटलं.

तिकिटापासून सुरुवात करू. ज्या बसच्या ड्रायव्हर-कंडक्टरची कमाई गोळा झालेल्या तिकिटांवर असते, मालकाला दिवसाचा ठरलेला आकडा दिला की वरचं आपलं असा हिशोब असतो, ती बस स्टॉपवर कशी वागते ते आठवा. गाडी भरेपर्यंत हलत नाही. ड्रायव्हर रेस देतो, गाडी वीतभर पुढं घेतो, परत ब्रेक मारतो, आतल्या लोकांना वाटतं निघाली, निघत काही नाही, कंडक्टर खाली उतरून ओरडतोय. तेवढ्यात आरशात मागून त्याच रूटची दुसरी गाडी दिसते आणि मग मात्र एका सेकंदात गिअर पडतो, कारण पुढच्या स्टॉपवर जो आधी पोहोचेल त्याला पॅसेंजर. मग स्टॉपला लावायची गाडी रस्त्याच्या मधेच उभी राहते, म्हातारं माणूस पायरीवर एक पाय ठेवतंय तोवर गाडी सुटलेली असते, आणि दोन गाड्या एकमेकींना घासत पुढं जातात. यात ड्रायव्हर वाईट असतो असं अजिबात नाही, त्या हिशोबात बसवलं तर कोणीही असाच चालवेल. कोलंबियातल्या बोगोतामध्ये या प्रकाराला पै-पैची लढाई म्हणायचे. दिल्लीत १९९२ साली रेडलाइन नावानं प्रायव्हेट बस आणल्या, एकेका गाडीचा एकेक मालक, अपघात इतके झाले की रंग आणि नाव बदलून ब्लूलाइन केलं, आणि तरी २००७ साली एका वर्षात शंभराच्या वर माणसं या गाड्यांखाली गेली. रंग बदलला, पैशाचा हिशोब तोच राहिला, मग दुसरं काय होणार.

आता कोणी म्हणेल की हे गरीब देशांतलं, जिथं कायदा पाळला जात नाही तिथलं झालं, शिस्तीच्या देशात कॉम्पिटिशन नीट चालेल. तो प्रयोगही झालाय आणि मोठ्या प्रमाणावर झालाय. ब्रिटनमध्ये १९८५ चा ट्रान्सपोर्ट अॅक्ट आला आणि २६ ऑक्टोबर १९८६ पासून लंडन सोडून बाकी सगळीकडे बस मोकळी केली. लायसन्स असलेली कोणतीही कंपनी आगाऊ नोटीस देऊन हवा तो रूट सुरू करू शकत होती आणि हवा तेव्हा बंद करू शकत होती. सरकारी नॅशनल बस कंपनीचे तुकडे करून विकले. कल्पना अशी होती की कंपन्या स्पर्धा करतील, भाडं उतरेल, पॅसेंजर वाढतील. झालं असं की मँचेस्टरच्या ऑक्सफर्ड रोडसारख्या चालणाऱ्या रस्त्यांवर एकामागे एक अर्ध्या रिकाम्या गाड्यांची रांग लागली आणि लांबच्या वस्त्यांची संध्याकाळची बस गेली.

आणि डार्लिंग्टन नावाच्या गावात १९९४ साली जे झालं ते तर या विषयावर मत देणाऱ्या प्रत्येकानं एकदा वाचावं असं आहे. तिथं नगरपालिकेची स्वतःची बस कंपनी होती, ती विकायला काढली होती. खरेदीत मागे पडलेल्या एका मोठ्या कंपनीनं तिचे ड्रायव्हर बोनस देऊन आपल्याकडं ओढले आणि त्याच रूटवर फुकट बस सोडल्या. फुकट म्हणजे खरोखर फुकट, तिकीटच नाही. ज्यांनी आधी खरेदीची तयारी दाखवली होती त्यांनी अंग काढून घेतलं, थोड्याच दिवसांत गावची जुनी कंपनी बंद पडली. सरकारच्या मक्तेदारी आयोगानं नंतर चौकशी करून या वागण्याला निषेधार्ह आणि जनहिताच्या विरोधातलं म्हटलं, पण तोवर कंपनी संपली होती. खुल्या स्पर्धेचा शेवट अनेक गावांत असाच एका कंपनीच्या मक्तेदारीत झाला. म्हणजे सरकारी मक्तेदारी नको म्हणून जे केलं त्यातून खाजगी मक्तेदारी आली, फरक एवढाच की हिला मत मागायला यायचं नव्हतं.

असं का होतं याचं कारण बसच्या धंद्यातच आहे. दुकानात माणूस दोन वस्तू हातात घेऊन तुलना करतो, स्टॉपवर उभा असलेला माणूस तसं करत नाही, जी आधी येईल तिच्यात चढतो. त्यामुळं कंपनीला चांगली बस आणण्यापेक्षा समोरच्याच्या दोन मिनिटं आधी बस आणणं जास्त फायद्याचं पडतं. मग कागदावर दर पाच मिनिटांना बस दिसते आणि प्रत्यक्षात दोन एकदम येतात आणि पुढची दहा मिनिटं काही नाही. दुसरं, अर्थशास्त्रज्ञ हर्बर्ट मोरिंग यांनी १९७२ साली एक साधी गोष्ट मांडली होती की रूटवर पॅसेंजर वाढले की गाड्या वाढतात आणि गाड्या वाढल्या की जुन्या पॅसेंजरचंही थांबणं कमी होतं. म्हणजे एका जास्तीच्या गाडीचा फायदा त्या गाडीत बसलेल्यांपुरता राहत नाही, अख्ख्या रूटला मिळतो. पण कंपनीच्या वहीत तो फायदा कुठेच येत नाही, तिला फक्त त्या गाडीची तिकिटं दिसतात. त्यामुळं तिकिटावर जगणारी कंपनी कितीही प्रामाणिक असली तरी शहराला लागतात त्यापेक्षा कमीच गाड्या सोडणार.

रात्रीच्या शेवटच्या बसचं उदाहरण घ्या. साडेअकराच्या गाडीत चार माणसं असतात, हिशोबात ती तोट्याची, म्हणून ती कापली. आता त्या चौघांनी सकाळी जाताना बस धरली होती ती परत यायला बस आहे या भरवशावर. तो गेला की ते सकाळीही बसनं जाणार नाहीत, कर्ज काढून टू-व्हीलर घेतील. आणि रोज नाही पण कधीतरी उशीर होऊ शकतो अशी नोकरी असलेला प्रत्येक माणूस हाच विचार करतो, त्याला महिन्यातून दोनदाच शेवटची बस लागते पण ती आहे म्हणून तो पास काढतो. गेल्या महिन्यापर्यंत भरून जाणारी सकाळची बस मग हळूहळू रिकामी व्हायला लागते, सहा महिन्यांनी तीही तोट्यात जाते, आणि ऑफिसातला माणूस म्हणतो बघा, लोकांनाच बस नको आहे. एकेका ट्रिपचा नफा-तोटा बघून नेटवर्क चालवता येत नाही, ते एकत्रच बघावं लागतं, आणि एकत्र बघायचं तर सगळी तिकिटं एका जागी जमा व्हायला हवीत.

लंडन १९८६ च्या त्या प्रयोगातून वाचलं. तिथंही बस प्रायव्हेट कंपन्याच चालवतात, शहराच्या मालकीच्या बस कंपन्या १९९४ च्या सुमारास विकून झाल्या होत्या. पण रूट कोणता, पहिली गाडी किती वाजता, भाडं किती, गाडीचा रंग कोणता, हे सगळं शहराची संस्था ठरवते, तिकिटाचे पैसे तिच्याकडेच जातात आणि कंपनीला चालवण्याचे ठरलेले पैसे मिळतात. कॉन्ट्रॅक्ट बरीच वर्षं साधारण पाच वर्षांचं असायचं, काम चांगलं असेल तर आणखी दोन. जास्त फेऱ्यांच्या रूटवर कंपनीचं काम कशावर मोजतात तर पॅसेंजरला ठरल्यापेक्षा सरासरी किती जास्त थांबावं लागलं यावर, आणि त्यावर बोनस किंवा कपात. याचा परिणाम रस्त्यावर दिसतो. बस लेट झाली की पुढच्या स्टॉपवर गर्दी जास्त साठते, ती चढवण्यात अजून लेट होते, आणि मागची गाडी रिकामी रिकामी पळत तिला गाठते, हे जगात सगळीकडे होतं. उपाय एकच, मागच्या गाडीला दोन मिनिटं थांबवून ठेवायचं. लंडनमध्ये कंट्रोल रूममधून ड्रायव्हरला तसा निरोप येतो आणि तो थांबतो, कारण थांबण्यात त्याचं नुकसान नाही. पै-पैच्या लढाईतल्या ड्रायव्हरला थांब म्हणून बघा बरं. ब्रिटनच्या बाकी मोठ्या शहरांत त्या काळात बसचे पॅसेंजर निम्म्यावर आले आणि लंडनमध्ये जवळपास दुप्पट झाले. त्यात लंडनला मिळालेल्या सबसिडीचा आणि २००३ साली शहराच्या मध्यभागी येणाऱ्या गाड्यांवर लावलेल्या कंजेशन चार्जचाही, म्हणजे गर्दीच्या शुल्काचाही वाटा आहे, तो लपवायचं कारण नाही. पण हातात पूर्ण कंट्रोल असल्याशिवाय त्या सबसिडीतून चांगली सर्व्हिस विकतही घेता आली नसती. मँचेस्टरनं शेवटी सप्टेंबर २०२३ पासून टप्प्याटप्प्यानं बस परत शहराच्या कंट्रोलखाली घेतल्या, जानेवारी २०२५ मध्ये ते काम पुरं झालं. मधे कंपन्या कोर्टात गेल्या होत्या, तिथं हरल्या. सदतीस-अडतीस वर्षं लागली एक चूक दुरुस्त करायला.

इथपर्यंत वाचून वाटेल की मग सोपं आहे, किलोमीटरप्रमाणे पैसे द्या, प्रश्न मिटला. नाही मिटत. किलोमीटरचे पैसे मिळणाऱ्या ड्रायव्हरला पॅसेंजर म्हणजे डोक्याला ताप, स्टॉपवर लोक हात करतायत आणि गाडी उजवीकडून निघून जाते, कारण थांबलं काय न थांबलं काय, किलोमीटर तेवढेच. तिकीट काढलं की नाही हे बघण्यातही कोणाला रस राहत नाही. चिलीची राजधानी सांतियागोत १० फेब्रुवारी २००७ ला एका दिवसात अख्ख्या शहराची बस व्यवस्था बदलली, जुन्या पिवळ्या बसची आपापसातली शर्यत संपवायची म्हणून. हेतू चांगला होता. पण कंपन्यांचं उत्पन्न बऱ्यापैकी गॅरंटीचं होतं, पॅसेंजर आले काय न आले काय, त्यामुळं ठरल्याएवढ्या गाड्या रस्त्यावर आल्याच नाहीत आणि कोणती गाडी कुठं आहे हे बघायची यंत्रणाही पहिल्या दिवशी तयार नव्हती. लोक तासतास स्टॉपवर, मेट्रोत चेंगराचेंगरी, ट्रान्सपोर्ट मंत्र्याला जावं लागलं, राष्ट्राध्यक्षांनी जाहीर माफी मागितली. दक्षिण कोरियाची राजधानी सोलनं २००४ साली असाच बदल जास्त हुशारीनं केला, कंपन्या त्याच ठेवल्या, रूट आणि तिकिटाचे पैसे शहरानं घेतले, आणि बस खरंच सुधारली. पण तिथं ठराविक मुदतीनंतर रूटचं नवीन टेंडर अशी सोय नव्हती, तीच कंपनी वर्षानुवर्षं तिथं, आणि खर्च आणि वर ठरलेला नफा शहर भरून देतंय म्हटल्यावर गेल्या काही वर्षांत गुंतवणूक फंडांनी तिथल्या बस कंपन्या विकत घेतल्या. बुडायची भीती नाही असा धंदा कोणाला नको असतो.

म्हणून कॉन्ट्रॅक्ट दिलं की जबाबदारी संपली असं होत नाही, उलट तिथून ती सुरू होते. कोणी किती ट्रिप कट केल्या, ब्रेकडाऊन दाखवलेली गाडी खरंच बंद होती का, सांगितलेला खर्च बरोबर आहे का, हे कळायला शहराकडं बस चालवण्याचा अनुभव असलेली माणसं लागतात. आणि इथं माझी चौथी अट येते. शहरानं काही गाड्या स्वतःच्या ठेवल्याच पाहिजेत, स्वतःच्या ड्रायव्हरसकट, स्वतःच्या वर्कशॉपसकट. मी म्हणेन निदान एक तृतीयांश. कारण ज्यानं स्वतः एकही गाडी चालवली नाही त्याला किलोमीटरचा दर वाजवी आहे की नाही हे कसं कळणार, आणि उद्या कंत्राटदार पळाला तर तो काय चालवणार.

मुंबईतल्या बेस्टकडं बघा. मुळात ती खाजगी कंपनी होती, १९४७ साली महापालिकेनं ताब्यात घेतली आणि पुढची कित्येक दशकं देशातली नावाजलेली बस सर्व्हिस म्हणून चालवली. एकेकाळी चार हजारांच्या वर स्वतःच्या गाड्या होत्या. गेल्या सहा-सात वर्षांत नवीन गाड्या वेट लीजवर यायला लागल्या, म्हणजे गाडी, ड्रायव्हर, मेंटेनन्स सगळं कंत्राटदाराचं आणि पैसे किलोमीटरवर. तिकीट आणि रूट बेस्टकडंच राहिले, डेपोही बेस्टचेच, म्हणजे माझ्या पहिल्या तीन अटी पुऱ्या होतात. पण स्वतःच्या जुन्या गाड्या भंगारात जात राहिल्या आणि त्यांच्या जागी स्वतःच्या पुरेशा आल्याच नाहीत. मग परवडत नाही म्हणून एका कंत्राटदारानं २०२२ मध्ये काम सोडलं तेव्हा शेकडो मिनीबस एकदम बंद झाल्या. ऑगस्ट २०२३ मध्ये कंत्राटी ड्रायव्हर पगारासाठी संपावर गेले तेव्हा त्यांचंही काय चुकलं म्हणायचं, एकाच डेपोतून निघणाऱ्या, एकाच रूटवर चालणाऱ्या दोन ड्रायव्हरच्या, एक बेस्टचा आणि एक कंत्राटी, पगारात एवढी तफावत असेल तर कधीतरी ते होणारच. डिसेंबर २०२४ मध्ये कुर्ल्याला भाड्याच्या इलेक्ट्रिक बसचा भीषण अपघात झाला आणि मोठी गाडी हातात देण्याआधी ड्रायव्हरला किती दिवसांचं ट्रेनिंग दिलं जातं हा प्रश्न सगळ्यांना पडला. तो प्रश्न करारावर सही करताना विचारायला हवा होता.

डेपोबद्दल फार कमी लोक बोलतात म्हणून थोडं सविस्तर. रूट सुरू होतो तिथून डेपो दहा किलोमीटरवर असेल तर रोज प्रत्येक गाडी वीस किलोमीटर रिकामी पळते, त्याला डेड किलोमीटर म्हणतात आणि त्याचं डिझेल किंवा चार्जिंग, ड्रायव्हरचा वेळ, सगळं वाया. त्यामुळं ज्या कंपनीचा स्वतःचा डेपो जवळ आहे तिला टेंडरमध्ये कोणी हरवूच शकत नाही, बाकीचे फक्त नावाला फॉर्म भरतात. सिंगापूरनं हे ओळखून २०१६ पासून डेपो आणि गाड्या दोन्ही सरकारी मालकीच्या ठेवल्या आणि फक्त चालवण्याचं काम कंपन्यांना दिलं. मँचेस्टरलाही आधी डेपो हातात घ्यावे लागले. कंत्राटदार बदलला तर नवीन माणूस दुसऱ्या दिवशी त्याच गेटमधून गाडी बाहेर काढू शकतो, ही ताकद त्या जमिनीत आहे. आणि नेमकी हीच जमीन तोटा भरून काढायला बिल्डरला द्यायचा मोह प्रत्येक बस संस्थेला होतो. एकदा दिलेली जमीन परत मिळत नाही, मग गाड्या रस्त्याकडेला उभ्या करायच्या आणि तिथंच रात्री त्यांचे टायर तपासायचे.

सरकारी बसवाल्यांची बाजू घेणाऱ्यांनीही काही गोष्टी मान्य करायला हव्यात. जी संस्था स्वतःच बस चालवते आणि स्वतःच स्वतःला मार्क देते ती रद्द झालेल्या फेऱ्यांचा आकडा कधीच स्वतःहून बाहेर देत नाही. शिफारशीनं भरती, गाडी खरेदीच्या फाइली अडकलेल्या, स्पेअर पार्ट नाही म्हणून गाड्या वर्कशॉपमध्ये पडून, हे सगळं खरं आहे. पण हा सरकारी मालकीचा जन्मजात रोग नाही. एडिनबरामधली लोथियन बस किंवा नॉटिंगहॅम आणि रीडिंगच्या बस बघा, मालकी प्रामुख्यानं नगरपालिकांची, कारभार स्वतंत्र कंपनीसारखा, हिशोब वेगळा, आणि ब्रिटनच्या त्याच खुल्या बाजारात प्रायव्हेट कंपन्यांच्या शेजारी उभं राहून त्यांनी नाव कमावलंय. जिथं नेत्यांनी भाडं वाढू द्यायचं नाही आणि त्याची भरपाईही द्यायची नाही असं वर्षानुवर्षं केलं तिथं कोणतीही संस्था मरेल, मालक कोणीही असू दे.

आणि प्रायव्हेट ऑपरेटरचीही एक तक्रार शंभर टक्के रास्त आहे. सरकारी संस्था बिलं वेळेवर देत नाहीत. सहा सहा महिने पैसे अडकणार हे माहीत असलेला माणूस दर चढवूनच भरतो किंवा टेंडरच भरत नाही. केंद्र सरकारनं २०२४ मध्ये इलेक्ट्रिक बससाठी ३,४३५ कोटींची पेमेंट सिक्युरिटी योजना आणली ती याचसाठी, स्थानिक संस्थेनं पैसे थकवले तर ऑपरेटरला त्यातून मिळावेत म्हणून. म्हणजे भरवसा किती उडालाय ते सरकारलाही कळलंय.

तुमच्या शहरात पाचशे नवीन बस येणार अशी बातमी आली की फोटोतल्या गाड्या बघण्याआधी करार बघायला मागा. मुदत किती, ट्रिप कट झाली तर दंड किती, तो आकडा दर महिन्याला जाहीर होणार की नाही, कंत्राटदार मधेच गेला तर गाड्या कोणाकडे राहणार. आणि दर ठरवताना एक गोष्ट लक्षात घ्या, गाडीची किंमत सगळ्या कंपन्यांना जवळपास सारखी पडते, डिझेल आणि वीजही सारख्या भावात मिळते, त्यामुळं सगळ्यात कमी दर भरणाऱ्यानं तो कमी केला कुठून तर बहुतेक वेळा ड्रायव्हरच्या पगारातून आणि मेंटेनन्समधून. म्हणून ड्रायव्हरचा किमान पगार, ड्युटीचे तास आणि ट्रेनिंगचे दिवस टेंडरमध्ये आधीच लिहून टाकायला हवेत, त्यावर बोली लागताच कामा नये.